वादळानंतरचा हिरवा समुद्र: प्लवक वाढलं किती, वर आलं किती

प्रश्न असा आहे: अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ येऊन गेलं की आठवड्याभरात उपग्रहाच्या नकाशावर त्याच्या वाटेने हरितद्रव्याचा पट्टा उमटतो. मग वादळामुळे वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, खरंच वाढतं का? प्रत्येक वादळानंतर असा पट्टा का दिसत नाही? आणि कोकणातल्या मासेमारीला त्याचा काही फायदा होतो का?

वाढतं, पण नकाशावर दिसतं ते सगळंच वाढलेलं नसतं. बराचसा हिरवा रंग आधीपासून खोलात असलेल्या प्लवकाचा असतो, वादळ त्याला फक्त वर आणतं. किनाऱ्याजवळ तर त्यातला काही भाग निव्वळ गढूळपणा असतो. वादळ किती जोराचं होतं यापेक्षा ते किती रेंगाळलं आणि त्याच्याखाली नायट्रेट, म्हणजे प्लवकाचं खत, किती खोल होतं, यावरच वाढीचा हिशोब ठरतो. बातम्या वाऱ्याचा वेग सांगतात. प्लवकाच्या दृष्टीने वादळ पुढे सरकण्याचा वेग जास्त महत्त्वाचा, आणि तो सहसा कुणी विचारत नाही.

वादळाआधीचं पाणी

मे महिन्यातला अरबी समुद्र घ्या. पृष्ठभागाचं तापमान ३० ते ३१ अंश, वारा पडलेला, आणि वरचा नीट मिसळलेला थर जेमतेम १५ ते ३० मीटर. या थरात ऊन भरपूर, पण नायट्रेट जवळपास शून्य. हरितद्रव्य दर घनमीटरला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे पाणी निळंशार. नायट्रेट सुरू होतं साधारण ४० ते ६० मीटरपासून आणि तिथून खाली झपाट्याने वाढत जातं. खालून खत आणि वरून अंधूक उजेड दोन्ही मिळतील अशा या सीमेवर प्लवकाचा सर्वांत दाट हिरवा थर बसलेला असतो. तिथलं हरितद्रव्य पृष्ठभागाच्या चारपाच पट असणं नेहमीचंच.

हा थर उपग्रहाला दिसत नाही. स्वच्छ पाण्यात रंग मोजणाऱ्या कॅमेऱ्याला वरच्या वीसएक मीटरांचीच खबर असते. पुढचा बराचसा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवा.

वादळ पाण्याचं काय करतं

दोन वेगळी कामं एकाच वेळी चालतात. पहिलं घुसळण्याचं. वाऱ्याने पृष्ठभागावर जोरदार प्रवाह तयार होतो, त्या प्रवाहाच्या आणि खालच्या स्थिर पाण्याच्या वेगात फरक पडतो, आणि त्या फरकाने दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. १५ मीटरचा थर काही तासांत ५०-६० मीटरवर जातो. पृष्ठभाग थंड होतो तो मुख्यतः यामुळे. बाष्पीभवनाचा वाटा त्यामानाने लहान.

उत्तर गोलार्धात ही घुसळण वाटेच्या उजव्या बाजूला जास्त होते. तिथे वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत जाते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पाण्याचा प्रवाहही तसाच फिरतो. दोघांचा मेळ बसला की प्रवाहाला सतत ढकल मिळत राहते. १५ अंश अक्षांशावर या फिरण्याला सुमारे ४६ तास लागतात, मुंबईच्या अक्षांशावर ३७. कोकणपट्टीला समांतर उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे किनाऱ्याची बाजू. मे २०२१ मधलं तौक्ते असंच वर गेलं होतं.

दुसरं काम उचलण्याचं. चक्राकार वारा पृष्ठभागाचं पाणी केंद्रापासून बाहेर लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर चढतं. याला एकमन पंपिंग म्हणतात. यात थर मिसळत नाहीत, अख्खाच्या अख्खा थर वर सरकतो. आकडा काढून बघू. केंद्रापासून १०० किलोमीटरवर वारा ताशी ७५ किलोमीटर असेल, तर पाण्यावरचा ताण दर चौरस मीटरला साधारण १ न्यूटन येतो. १५ अंश अक्षांशावर या वर्तुळातलं पाणी सरासरी तासाला सुमारे २ मीटर वर येईल. वादळ ताशी १८ किलोमीटरने सरकत असेल तर २०० किलोमीटरचं हे वर्तुळ एका जागेवरून ११ तासांत निघून जातं, पाणी चढतं वीसएक मीटर. वेग निम्मा, म्हणजे ताशी ९ किलोमीटर, तर २२ तास मिळतात आणि पाणी ४० मीटर चढतं. वारा तोच, परिणाम दुप्पट.

शिवाय वेगाने जाणाऱ्या वादळामागे हे चढलेलं पाणी बरंचसं परत खाली बसतं आणि दीड-दोन दिवसांच्या लयीत वरखाली होत राहतं. वादळाचा पुढे सरकण्याचा वेग समुद्राच्या आतल्या लाटांच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला २ ते ३ मीटरपेक्षा कमी असेल, तर वर आलेला थर वरच टिकतो आणि तिथे थंड गाभ्याचा भोवरा तयार होतो. टिकाऊ हिरवा डाग बहुतेक वेळा अशाच ठिकाणी सापडतो.

नायट्रेटचा जमाखर्च

समजा, ४० मीटरपर्यंत नायट्रेट शून्य आहे आणि तिथून वाढत ६० मीटरवर ते लिटरला १० मायक्रोमोल होतं. वादळाने वरचे ६० मीटर पूर्ण मिसळले. मधल्या २० मीटरांत सरासरी ५ मायक्रोमोल, म्हणजे दर चौरस मीटरला १०० मिलिमोल नायट्रेट. ते ६० मीटरांत पसरलं की सगळीकडे सुमारे १.७ मायक्रोमोल होतं.

प्लवक एका नायट्रोजनमागे साधारण ६.६ कार्बन बांधतं. १०० मिलिमोल नायट्रेटवर दर चौरस मीटरला ८ ग्रॅमच्या आसपास कार्बन बांधला जाऊ शकतो. कार्बन आणि हरितद्रव्याचं प्रमाण ५० ला १ धरलं, तर घनमीटरला वाढ जास्तीत जास्त २.७ मिलिग्रॅमच्या आसपास. ही कमाल मर्यादा झाली. प्राणी-प्लवक चरत असतं, काही पेशी बुडतात, काही नायट्रेट उजेडाबाहेरच राहतं. प्रत्यक्षात याचा तिसरा हिस्सा किंवा निम्मं दिसलं तरी भरपूर झालं. त्यामुळे खोल समुद्रात साध्यासुध्या वादळानंतर कुणी घनमीटरला १० मिलिग्रॅम वाढ दाखवली, तर तेवढं नायट्रेट आलं कुठून, हे आधी विचारावं.

नायट्रेट ४० ऐवजी ७० मीटरवर सुरू होत असेल, तर हीच ६० मीटरची घुसळण करून हाती शून्य येतं. पाणी थंड होईल, खोलातला हिरवा थर थोडाफार विस्कटेल, पण नवी वाढ होणार नाही.

दिवसागणिक काय अपेक्षित आहे

वादळ डोक्यावर असताना वाढ जवळपास थांबते. ढगांमुळे ऊन नसतं, आणि पेशी ६० मीटरच्या थरात वरखाली फिरत राहिल्याने त्यांच्या वाट्याचा सरासरी उजेड खूपच घटतो. पहिल्या एकदोन दिवसांत पृष्ठभाग हिरवा दिसला, तर तो खोलातून वर आलेला साठा समजावा. एवढ्या वेळात पेशींना दुप्पट व्हायलाही नीट सवड मिळालेली नसते. त्यात त्या पेशी अंधारात राहणाऱ्या, प्रत्येकीत हरितद्रव्य जास्त भरलेलं. वर आल्यावर उन्हात त्या ते कमी करू लागतात. म्हणून कधी कधी चौथ्या दिवशी हरितद्रव्य घटल्यासारखं दिसतं, आणि तरी पेशींची संख्या वाढत असते.

आभाळ मोकळं झालं, वरचा थर परत तापून पातळ झाला, की खरी वाढ सुरू होते. कोमट पाण्यात डायटम (सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय प्लवक) दिवसाला एकदा, क्वचित दोनदा दुप्पट होतात. ०.१ वरून १.६ ला जायला चार दुपटी लागतात. चराई वजा करून दोन दिवसांना एक दुप्पट धरली, तर आठ दिवस. शिखर बहुधा चौथ्या ते दहाव्या दिवसात येतं आणि दोनतीन आठवड्यांत ओसरतं. थंड भोवरा टिकून राहिला, तर आणखी लांबतं.

आधी येतात ते डायटम, कारण खालच्या पाण्यात नायट्रेटबरोबर सिलिकेटही असतं. काईटोसेरॉस, थॅलॅसिओसिरा ही नेहमीची नावं. सिलिकेट संपत आलं की डायनोफ्लॅजेलेट (सिलिकेट न लागणारं दुसऱ्या जातकुळीचं प्लवक) आणि बारीक पेशींचं राज्य सुरू होतं. कोपेपॉडसारख्या प्राणी-प्लवकाची पिढी कोमट पाण्यातही आठवड्यादोन आठवड्यांची, त्यामुळे त्यांची वाढ मागाहून येते. हिरवा डाग ओसरत असतानाच ते जास्त सापडतात.

एक वादळ हिरवं, दुसरं कोरडं

रेंगाळणाऱ्या वादळाचं ठळक उदाहरण दक्षिण चीन समुद्रातलं आहे. जुलै २००० मधलं काई-टाक हे काही अतितीव्र वादळ नव्हतं, पण जवळपास तीन दिवस ते एका जागी घुटमळलं. पृष्ठभाग सुमारे ९ अंशांनी गार झाला आणि हरितद्रव्य तीसपट झालं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हिशोब मांडला तो असा: त्या समुद्रात वर्षभरात होणाऱ्या नव्या उत्पादनाच्या, म्हणजे खालून आलेल्या खतावरच्या वाढीच्या, २ ते ४ टक्के एकट्या या वादळाने दिले. हे उदाहरण सगळीकडे उद्धृत होतं आणि त्यामुळे वादळ म्हणजे खताची खेप असा समज पसरतो. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात १९९८ ते २००१ दरम्यानच्या १३ वादळांमागची वाढ मोजली, तर ती काही टक्क्यांपासून फार तर दुपटीच्या जवळ एवढीच निघाली. उत्तर अटलांटिकच्या वार्षिक हिशोबात चक्रीवादळांचा वाटा किरकोळ ठरतो. माझ्या मते काई-टाक अपवाद आहे आणि सारगासो हा नियम.

बंगालच्या उपसागराची तऱ्हाच वेगळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी वर पसरलेलं असतं. हा हलका थर फोडायला फार ऊर्जा लागते. त्याखाली खारट पण तितकंच गरम, कधी वरच्याहूनही गरम पाणी असतं. वादळ तिथपर्यंत पोचलं तरी वर येतं ते गरम पाणी, त्यात नायट्रेटही बेताचंच. देबाशिष सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे दाखवून दिलं: मोसमी पावसाआधीची वादळं उत्तर उपसागराला २-३ अंश गार करतात, पावसानंतरची वादळं जेमतेम अंशभरही नाही. म्हणजे इथे तापमान उतरलं नाही म्हणून घुसळण झालीच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

नैर्ऋत्य भागात, श्रीलंका आणि तमिळनाडूच्या पूर्वेला, चित्र बदलतं. तिथे गोड्या पाण्याचं ओझं कमी, आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत मुळातच थोडा बहर असतो. त्यावरून वादळ गेलं तर तो भडकतो. वाटेत आधीचाच थंड गाभ्याचा भोवरा लागला तरी हेच होतं. अशा भोवऱ्यात नायट्रेटची सीमा आजूबाजूच्या मानाने बरीच वर आलेली असते, मग मध्यम वादळालाही ती गाठता येते. समुद्रपातळी मोजणाऱ्या उपग्रहांच्या नकाशावर हे भोवरे खळग्यांसारखे दिसतात. वादळ येण्याआधी हा नकाशा आणि अंदाजित मार्ग एकमेकांवर ठेवून पाहिले, तर डाग कुठे उमटेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

किनारा: फयानचं उदाहरण

किनाऱ्यालगत हिशोब वेगळा, आणि कोकणासाठी तो फयान चक्रीवादळाने दाखवला. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. १३ ते १५ नोव्हेंबरला उथळ पट्ट्यात घनमीटरला ४ ते १२ मिलिग्रॅम हरितद्रव्य दिसलं. इतक्या लवकर आणि इतकं जास्त का? तिथलं खत खोलातून आलेलं नव्हतं, पावसाने जमिनीवरून वाहून आणलेलं होतं. वादळाच्या वाटेवर, खुल्या समुद्रात, वाढ त्यानंतर दिसली. तिथे घुसळण, एकमन पंपिंग आणि खोलातलं हरितद्रव्य वर येणं हे तिन्ही होते, आणि दोन थंड भोवऱ्यांनी ती टिकवून धरली. एकाच वादळाचे दोन हिरवे डाग, दोघांची कारणं वेगळी, तारखाही वेगळ्या.

किनाऱ्याच्या आकड्यांकडे मात्र जरा संशयाने बघावं. सावित्री, वाशिष्ठी, उल्हास यांच्या मुखाशी वादळी पावसानंतर पाणी इतकं गढूळ असतं की हातभर खालची पांढरी तबकडी दिसत नाही. तिथे खत कितीही असो, उजेडच नाही, वाढ होणार कशी? वाढ होते ती गढूळ पाण्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे गाळ खाली बसलेला असतो आणि खत अजून शिल्लक असतं. पण निळा-हिरवा प्रकाश मोजून हरितद्रव्य काढणाऱ्या नेहमीच्या सूत्राला गाळ आणि पालापाचोळ्याचं तपकिरी पाणी हरितद्रव्यच वाटतं. २०-३० मीटरपेक्षा उथळ भागातला आकडा, पाण्याचा नमुना हाती नसेल तर, मी धरत नाही.

नकाशावरून स्वतः तपासायचं असेल तर

हवामान विभागाच्या अहवालातून वादळाच्या केंद्राच्या दर ६ तासांच्या जागा घ्या आणि प्रत्येक टप्प्याचा सरकण्याचा वेग काढा. ताशी १० किलोमीटरपेक्षा हळू गेलेले टप्पे आधी बघा. डाग असेल तर तिथेच असण्याची शक्यता जास्त.

वाटेच्या दोन्ही बाजूंना १५०-२०० किलोमीटरचा पट्टा आखा, डावा-उजवा वेगळा ठेवा, आणि २०० मीटरपेक्षा उथळ भाग वगळा. आधीची स्थिती म्हणून वादळ येण्यापूर्वी १० ते ३ दिवसांची सरासरी घ्या. शेवटचे दोन दिवस नको, कारण वादळाचा बाहेरचा वारा तोवर पोचलेला असतो. नंतरची स्थिती तीन खणांत मोडा: दिवस १ ते ३, ४ ते १०, ११ ते २०. फक्त पहिल्या खणात वाढ दिसली आणि दुसऱ्यात ओसरली, तर खालचा साठा वर आला होता. दुसऱ्या खणात चढली, तर नवी वाढ झाली. एवढा एक भेद नीट केला तरी निम्मं काम झालं.

इथे हमखास फसगत होते ती ढगांमुळे. रंग मोजणारे उपग्रह, मग तो ॲक्वावरचा मोडिस असो की आपला ओशनसॅट, ढगाआडून बघू शकत नाहीत. वादळाच्या दिवसांत आणि पुढचे दोनतीन दिवस नकाशावर बहुतेक भाग रिकामाच. आठ दिवसांचा सरासरी नकाशा घेतला, तर एखाद्या चौकोनात आठपैकी एकाच दिवसाचं मोजमाप असू शकतं, आणि ते कोणत्या दिवसाचं हे नकाशा सांगत नाही. प्रत्येक चौकोनात किती निरीक्षणं आहेत त्याची फाइल सोबत मिळते, ती उघडाच. तापमानासाठी सूक्ष्मलहरींचे नकाशे वापरा, ते ढगाआडचं दाखवतात. मुसळधार पावसाखाली आणि किनाऱ्यालगत मात्र तेही निकामी.

दुसरी चूक ऋतूची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा जूनमध्ये समुद्र वादळाशिवायही बदलत असतो. जून २०२३ चं बिपरजॉय घ्या: ते आठवडाभराहून जास्त काळ अरबी समुद्रात रेंगाळलं आणि १५ तारखेला जखाऊजवळ किनाऱ्याला लागलं. त्याच दिवसांत नैर्ऋत्य मोसमी वारे जोर धरत होते, आणि ते स्वतःच समुद्र ढवळतात. तेव्हा इतर बिगरवादळी वर्षांच्या त्याच तारखांची सरासरी वजा केल्याशिवाय वादळाच्या नावावर काहीही मांडू नये.

नकाशाखालचं चित्र हवं असेल, तर जैवरासायनिक अर्गो तरंगक हा सध्याचा सर्वांत चांगला साक्षीदार. समुद्रात सोडलेली ही मोजयंत्रं वादळातही खालीवर जात हरितद्रव्य, ऑक्सिजन आणि कणांचं परावर्तन (पाण्यातल्या कणांवरून परतणारा प्रकाश) मोजत राहतात. ऑक्टोबर २०१४ च्या हुदहुद वादळावरचं चांगलं काम याच नोंदींवर उभं आहे. हरितद्रव्य आणि परावर्तन दोन्ही वाढलं तर पेशी वाढल्या. नुसतं हरितद्रव्य वाढलं तर पेशींनी फक्त रंग गडद केला. हरितद्रव्याचं मोजमाप प्रस्फुरणावर, म्हणजे उजेड पडल्यावर हरितद्रव्य स्वतः जो प्रकाश सोडतं त्यावर, चालतं आणि भर दुपारच्या उन्हात पृष्ठभागाजवळ ते कमी भरतं, म्हणून रात्रीच्या नोंदी वापरलेल्या बऱ्या. आणखी एक ताळा: ० ते १०० मीटरपर्यंतच्या हरितद्रव्याची बेरीज करा. बेरीज तशीच राहून फक्त पृष्ठभागाचा आकडा वाढला असेल, तर नवं काहीच उगवलेलं नाही.

बोटीवरून नमुने घेताना

वादळानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी समुद्रात जाता आलं, तर आधी तापमान-क्षारतेचा छेद (खोलीनुसार दोन्हींची नोंद) घ्या आणि तो बघून बाटल्यांची खोली ठरवा. ठरावीक ०, १०, २०, ३०, ५०, ७५, १०० मीटर घ्याच, पण हरितद्रव्याच्या सर्वांत दाट थरात एक बाटली उघडलीच पाहिजे, नाहीतर बेरीज चुकते. हरितद्रव्यासाठी १ ते २ लिटर पाणी ०.७ मायक्रॉनच्या काचतंतू फिल्टरमधून, मंद उजेडात, १५० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा कमी ओढीवर गाळा. घाईने जोरात ओढलं तर पेशी फुटतात आणि आकडा कमी येतो. फिल्टर लगेच गोठवा. नंतर ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात, थंडीत २४ तास ठेवून प्रस्फुरणमापकावर मोजा. नायट्रेटचे नमुने तिथल्या तिथे उणे २० अंशांवर गेले पाहिजेत. डेकवर दोन तास राहिलेल्या बाटलीतलं थोडं नायट्रेट आतल्या पेशींनीच खाल्लेलं असतं, आणि वरच्या थरात मुळात नायट्रेट कमी असल्याने ती चूक मोठी ठरते. सिलिकेट वेगळ्या प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. काचेतून सिलिका झिरपते. पेशी ओळखण्यासाठी लुगोल आयोडीन १ टक्का, मग किमान ४८ तास स्थिर ठेवून खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली. २० मायक्रॉनच्या जाळीत आलेल्या प्लवकावरून जाती कळतात, संख्या नाही: बारीक पेशी निसटतात, आणि वादळानंतर त्याही पुष्कळ असतात.

मासे, ऑक्सिजन आणि बाकीचा हिशोब

वादळानंतर बांगडा आणि तारली चांगली लागते, असं बंदरावर ऐकू येतं. हे दोन्ही प्लवकावर जगणारे मासे, त्यामुळे हिरव्या पट्ट्याच्या कडेला त्यांचे थवे जमणं स्वाभाविक आहे. पण तो मासा आधीपासून समुद्रात होता, हिरव्या डागाने तो एका जागी आणला. दोन आठवड्यांच्या बहराने माशांची संख्या वाढत नाही; अंड्यातून निघालेल्या पिल्लांना त्याचा फायदा झालाच, तर तो जाळ्यात यायला महिने लागतात. आणि वादळात आठदहा दिवस होड्या बंदरात बांधलेल्या असतात, तेवढे दिवस माशाला कुणी हात लावलेला नसतो. म्हणून बंदरावरची एकूण आवक पाहू नका. एका फेरीमागे किंवा जाळं टाकल्याच्या दर तासामागे किती मासा मिळाला, ते आधीच्या वर्षांशी ताडून बघा. मेअखेरीच्या वादळाचा बहर तर आपल्याकडे जवळजवळ वायाच जातो, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी मासेमारी बंद असते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या वादळांनंतर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्री माहिती केंद्राच्या संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचना नक्की बघाव्यात; त्या तापमान आणि हरितद्रव्याच्या कडांवरच बेतलेल्या असतात. आभाळ उघडेपर्यंत मात्र त्यांनाही वाट पाहावी लागते.

याला दुसरी बाजू आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात तळाजवळचं पाणी ऑक्सिजनला मुकलेलं असतं. गोव्यासमोर कांदोळीच्या सागरी ठाण्यावर हे वर्षानुवर्षं मोजलं गेलं आहे. शरद ऋतूतल्या वादळाने हे पाणी नीट मिसळलं तर तळाला ऑक्सिजन मिळतो, चांगलंच. पण नुसतंच उचलून किनाऱ्याकडे लोटलं, तर मासे आणि कोळंबी त्यापासून दूर पळतात किंवा उथळ जागी कोंडतात. नंतर बहर मरून तळाला बसतो आणि कुजताना आणखी ऑक्सिजन खातो. बहरानंतर दोनतीन आठवड्यांनी ट्रॉलरच्या जाळ्यात तळाची मासळी अचानक कमी झाली, तर तळाचा ऑक्सिजन मोजायला हवा.

वादळामुळे समुद्र हवेतला कार्बन शोषतो, हाही अर्धवट समज. खालचं पाणी नायट्रेटबरोबर विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही वर आणतं आणि अरबी समुद्रात तो आधी हवेत सुटतो. बहर त्यातला काही भाग परत बांधतो, सगळा नाही. फयानच्या अभ्यासातही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याचा हा हिशोब मांडलेला आहे.

शेवटी, नेहमी विचारला जाणारा उपप्रश्न: अरबी समुद्रात वादळं वाढताहेत, मग प्लवकही वाढेल का? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या २०२१ च्या विश्लेषणात १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसतात. त्याच संस्थेच्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पश्चिम हिंदी महासागरातलं प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं मांडलं. वरचं पाणी तापून हलकं झालं, खालचं खत वर येणं अवघड झालं, हे त्यामागचं कारण. अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एकदोन वादळं, प्रत्येकाची वाट दोनतीनशे किलोमीटर रुंद, आणि बहर तीन आठवड्यांचा. एवढ्यावर अख्ख्या समुद्राची तूट भरून निघणं शक्य नाही. पाणी जितकं जास्त तापेल तितकं नायट्रेट खोल जाईल, आणि तेवढ्याच ताकदीच्या वादळाच्या हाती कमी लागेल.